हात दगडाखाली, विमान हवेत

पायलटचा पगार पुरत नाही, असं चारचौघांत म्हणून पाहा. लोक आधी तुमच्या तोंडाकडे बघतात, मग हसतात. त्यांचं फारसं चुकतही नाही. आपल्याकडे मोठ्या विमान कंपनीतला अनुभवी कॅप्टन महिन्याला सहा-सात लाख, कधी त्याहून जास्त कमावतो. त्याच्यासाठी हळहळावं असं मलाही वाटत नाही.

कॅप्टनच्या शेजारच्या खुर्चीत जो बसतो त्याची जमाखर्चाची वही मात्र कोणी उघडून बघत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने काही वर्षांपूर्वी कमर्शियल पायलट लायसन्स मिळाल्याचे पेढे वाटले. 200 तासांचं उड्डाण, डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या परीक्षा, मेडिकल, सगळं पार पडलेलं. आता पोरगं मार्गी लागलं, असं आम्ही सगळेच समजलो. पुढचं दीड वर्ष तो घरी होता. लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. एअरबस किंवा बोइंग उडवायचं तर टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीच्या विमानाचं खास प्रशिक्षण आणि परवाना, वेगळं, त्याचे लाखो रुपये वेगळे. वडिलांनी गावाकडची जमीन विकली, राहता फ्लॅट गहाण टाकला. फ्लाइंग स्कूल, राहणं-खाणं, परीक्षा, टाइप रेटिंग मिळून आकडा कोटीच्या घरात गेला. एक कोटीचं कर्ज 10 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता 1 लाख 32 हजारांच्या आसपास बसतो. बँकेच्या कॅल्क्युलेटरवर कोणीही टाकून बघावं. नवख्या को-पायलटचा सुरुवातीचा पगार या हप्त्याच्या फार वर जात नाही, आणि ट्रेनिंगच्या काळातलं विद्यावेतन तर त्याच्या पुष्कळ खाली असतं.

तेव्हा पगाराचा आकडा हा माझा मुद्दा नाही. तो कशाच्या हिशेबाने मिळतो, केव्हा मिळू लागतो आणि तोवर माणूस कोणाकोणाचा देणेकरी होऊन बसतो, हा आहे. ज्याचा हात दगडाखाली अडकलाय त्याला ‘आज माझ्याच्याने विमान उडवणं होणार नाही’ असं म्हणता येत नाही. आणि मागे सीटवर पट्टा बांधून बसलेला प्रवासी म्हणून मला तर त्याला तेवढंच म्हणता यायला हवंय.

अमेरिकेतली एक रात्र या बाबतीत विसरता येत नाही. 12 फेब्रुवारी 2009. न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं कोल्गन एअरचं 3407 हे विमान उतरता उतरता क्लॅरेन्स सेंटर या वस्तीतल्या एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे 49 आणि घरातला एक, असे 50 जण गेले. तिकिटांवर नाव बड्या कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचं होतं. विमान आणि वैमानिक मात्र तिच्यासाठी कंत्राटावर फेऱ्या करणाऱ्या छोट्या कंपनीचे. विमानाचा वेग नको इतका उतरला, इशारा म्हणून हातातला दांडा थरथरू लागला, तेव्हा तो पुढे ढकलायचा सोडून कॅप्टनने मागे ओढला. तपासात अपघाताचं मुख्य कारण हेच ठरलं, आणि ते नाकारण्याचं काही कारण नाही.

त्या तपासाच्या सुनावणीत बाकी जे बाहेर आलं ते मात्र कॉकपिटच्या पलीकडचं होतं. को-पायलट 24 वर्षांची मुलगी. नेमणूक न्यूअर्कला, राहायला देशाच्या दुसऱ्या टोकाला सिॲटलजवळ आईवडिलांकडे. तिच्या वर्षाच्या कमाईचे कंपनीने आधी सुमारे 16 हजार डॉलर सांगितले, मग दुरुस्ती करून सुमारे 24 हजार. न्यूयॉर्कच्या आसपास या पैशांत स्वतःची खोली घेऊन राहणं कठीणच. याआधी तिने एका कॉफीच्या दुकानातही काम केलेलं होतं. आदल्या रात्री मालवाहू विमानाच्या जादा सीटवर बसून, मेम्फिसला विमान बदलून, देश ओलांडून ती कामावर आली होती. कॅप्टनने ती रात्र विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. तिला सर्दी झालेली. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात ती कॅप्टनला सांगते की घरी असताना असं वाटलं असतं तर मी इतक्या लांब आलेच नसते. पण आता आजारी असल्याचं कळवलं तर बरं वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च माझ्या अंगावर. त्यापेक्षा आज उडवू, उद्याही त्रास झाला तर तेव्हा कळवीन, म्हणजे निदान कंपनीच्या पैशाने हॉटेलात असेन.

हे वाचल्यापासून पायलटच्या पगाराचा विषय निघाला की मला ती हॉटेलची खोली आठवते. एका रात्रीच्या भाड्याचा हिशेब एक आजारी मुलगी उड्डाणाच्या आधी मनात मांडत होती. थकव्यामुळे दोघांच्याही कामावर परिणाम झाला असावा, पण किती, ते ठरवता येत नाही, असं तपास यंत्रणेने लिहिलं. प्रामाणिक वाक्य आहे. थकवा ब्लॅक बॉक्समध्ये मोजून मिळत नाही.

या अपघाताला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा चेस्ली सलेनबर्गर अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे बोलायला उभे राहिले. महिन्याभरापूर्वी त्यांनी बंद पडलेल्या इंजिनांचं विमान हडसन नदीत उतरवून 155 जणांना वाचवलं होतं. सारा देश त्यांना डोक्यावर घेत होता. त्या घडीला त्यांनी विषय काढला तो पगाराचा. आपला पगार 40 टक्क्यांनी कापला गेला, पेन्शन गेल्यात जमा झालं, आणि असंच चाललं तर चांगली, अनुभवी माणसं या पेशात टिकणार नाहीत, असं ते म्हणाले. सत्काराच्या भाषणात वेतनवाढ मागितल्यासारखं वाटलं असेल कोणाला. मला ती त्या सगळ्या गौरवातली सर्वांत जबाबदार गोष्ट वाटते.

मग अमेरिकेने काय केलं? बफेलोत गेलेल्यांच्या कुटुंबीयांनी वॉशिंग्टनला खेटे घालून 2010 मध्ये कायदा करवून घेतला. त्यात ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम आले, ते योग्यच. पण सर्वांत गाजलेली तरतूद वेगळी. पूर्वी को-पायलटला 250 तासांचा अनुभव पुरायचा, तो 2013 पासून साधारणपणे 1500 तास झाला. आता गंमत बघा. त्या विमानातल्या कॅप्टनचे 3379 तास झालेले होते, को-पायलटचे 2244. नवा नियम आधीपासून असता तरी त्या रात्री हीच दोघं त्याच खुर्च्यांत बसली असती. शिडीला वरून पायऱ्या जोडल्या गेल्या, आणि त्या चढण्याचा खर्च शिकणाऱ्याच्याच माथी. मधल्या हजार-बाराशे तासांसाठी मुलं फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवतात, जाहिरातींचे फलक ओढणारी विमानं उडवतात, मिळेल ते घेतात.

पगार वाढले, पण पुष्कळ उशिरा. कोविडनंतर पायलट मिळेनात, छोट्या गावांच्या फेऱ्या बंद पडू लागल्या, तेव्हा 2022 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या उपकंपन्यांनी नव्या को-पायलटचा दर तासाला 90 डॉलरवर नेला. बाजार शेवटी आपलं काम करतोच, असं सांगणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडतं. टंचाईने चढलेला भाव मंदीत उतरतो, एवढंच त्यावर म्हणता येईल. 2020 मध्ये आपल्याकडच्या कंपन्यांनी पगार कापले आणि बिनपगारी रजा लावल्या, तेव्हा हप्त्याची तारीख बँकेने कोणासाठी कायमची माफ केली नव्हती.

आपल्याकडची शिडी आणखी विचित्र आहे. सरकार सांगतं, येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला 30 हजार पायलट लागतील. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली. त्याच वर्षी डीजीसीएने दीड हजारांवर कमर्शियल लायसन्स दिली. बारामती, गोंदिया, धुळे, जिथे जिथे धावपट्टी आणि स्वच्छ आकाश आहे तिथे मुलं तास भरतायत. पण मागणी नोंदवलेलं विमान आज कोणाला खुर्ची देत नाही. 2024 च्या सुरुवातीला प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत धातूच्या भुकटीचा दोष निघाला म्हणून इंडिगोची सत्तरच्या वर विमानं जमिनीवर खिळलेली होती. विमान उभं राहिलं की नवी भरती थबकते आणि आतल्या को-पायलटचं कमांडही, म्हणजे चार पट्ट्यांचा कॅप्टन होणं, लांबतं. कमांड लांबलं की पगाराची उडी लांबते, कारण कॅप्टन आणि को-पायलट यांच्या पगारांत दुपटी-तिपटीचं अंतर असतं. कारखान्यातली भुकटी बिघडली अमेरिकेत, आणि हप्ता थकला पुण्यात. या माणसाने कितीही चांगलं विमान उडवलं तरी ते त्याच्या हातात नव्हतं.

आणि कंपनीच बुडाली तर? किंगफिशर 2012 मध्ये, जेट 17 एप्रिल 2019 ला, गो फर्स्ट मे 2023 मध्ये. जेटच्या लोकांचे पगार तर कंपनी बंद पडण्याच्या आधीच काही महिने थकलेले होते. अंधेरी-सांताक्रूझच्या पट्ट्यात त्या वर्षी किती घरांचं गणित कोसळलं, ते तिथल्या लोकांना विचारा. बँकेतला माणूस दुसऱ्या बँकेत जातो तेव्हा त्याला बेरीज-वजाबाकी नव्याने शिकावी लागत नाही. बोइंग 737 वर हात बसलेल्या को-पायलटला एअरबसच्या कंपनीत जायचं तर टाइप रेटिंग पुन्हा, आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत बहुधा तळाला. वय मात्र यादीत पुढेच सरकलेलं असतं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पायलटच्या पगाराचा मोठा भाग उडवलेल्या तासांवर असतो. ठरावीक तासांचा पगार हमखास, त्यावर उडवाल तसे पैसे. महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको; तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक प्रत्येक तालुक्यात आहेत. तास बुडाला की पैसे बुडाले, मग ताप असो की घरी कार्य असो. फरक एवढाच की तापातल्या प्राध्यापकाचा तास फार तर कंटाळवाणा होतो.

हमखास तासांचा आकडा किती, यावर सगळं ठरतं. 2024 च्या वसंतात विस्तारा या विमान कंपनीत याच आकड्यावरून भडका उडाला. एअर इंडियात विलीन होण्याआधी पगाराची नवी रचना आली, तीत 70 तासांची हमी 40 तासांवर आणली गेली. जास्त उडवा, जास्त मिळवा, हे वर होतंच. पण महिन्याच्या हप्त्याचं गणित हमीवर बसवलेलं असतं, कमाल मर्यादेवर नाही. पायलट मोठ्या संख्येने आजारी पडले, फेऱ्या रद्द झाल्या, आणि कंपनीला दिवसाला 25 ते 30 उड्डाणं वेळापत्रकातून काढावी लागली. प्रवाशांचे हाल झाले आणि टीव्हीवर पायलटांना माजोरडे म्हणून झालं. 70 आणि 40 या दोन आकड्यांबद्दल फार कमी बोललं गेलं.

याच काळात दुसऱ्या खोलीत विश्रांतीचे नियम लिहिले जात होते. जानेवारी 2024 मध्ये डीजीसीएने आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली, रात्रीच्या ड्युटीतली लँडिंग सहावरून दोनवर आणली. उत्तम नियम. ते 1 जून 2024 पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकुर केली, ते पुढे गेले. पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. शेवटी 2025 च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन हप्त्यांत आले. आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगो कोलमडली. एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द. मुंबई, पुणे, नागपूर, सगळीकडे बॅगांचे डोंगर आणि जमिनीवर झोपलेली माणसं. पुरेसे पायलट न घेता नवे नियम येण्याची वाट बघत बसलेली कंपनी, आणि देशातल्या साठ टक्क्यांहून जास्त प्रवाशांची तिच्यावर भिस्त. मग वाकलं काय? नियमच वाकले. रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून मोजायची नाही, ही अट मागे घेतली गेली, रात्रीच्या ड्युटीच्या अटींतून कंपनीला 10 फेब्रुवारीपर्यंत सूट मिळाली. पुढे दंडही झाला, पण विश्रांती आधी गेली ती गेलीच.

माझं म्हणणं असं की हे वाकणं नुसतं कंपनीच्या दबावाने होत नाही. नियम विश्रांतीचा आणि पगार तासांचा, अशी उलटसुलट बांधणी असली की नियमाला आतूनही आधार राहत नाही. जास्त विश्रांती म्हणजे कमी तास, कमी तास म्हणजे कमी पैसे. कर्जबाजारी को-पायलटला आपण सांगतो, बाबा, तुझ्याच भल्यासाठी तुझी कमाई कमी करतोय. तो वरवर मान डोलावतो आणि रोस्टरवाल्याला फोन करून एखादी जादा फेरी मिळते का बघतो. वर्षाला 1000 तासांची कमाल मर्यादा कायद्यात आहे. किमान पगाराच्या तासांची मर्यादा कुठेच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं की पगार हा मालक आणि नोकर यांच्यातला मामला, सुरक्षेच्या नियामकाने त्यात पडू नये. मला हे उत्तर पटलं असतं, जर नियामक खरोखरच त्यात पडला नसता. 2017 च्या डीजीसीएच्या नियमानुसार कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्ष आणि को-पायलटला सहा महिने नोटीस द्यावी लागते. एक वर्ष! कुठल्या दुसऱ्या पेशात सरकार असं सांगतं? कारण दिलं जातं प्रवाशांच्या गैरसोयीचं, आणि ते खोटं नाही. 2023 मध्ये आकासा एअरचे 43 पायलट नोटीस न पाळता गेले तेव्हा त्या तरुण कंपनीची शेकडो उड्डाणं रद्द झाली. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याच प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयात डीजीसीएने सांगितलं की कंपनी आणि पायलट यांच्यातल्या करारात आम्हाला हस्तक्षेप करता येत नाही. म्हणजे पायलटने किती दिवस जाऊ नये हे सांगता येतं, आणि त्या दिवसांत त्याला काय मिळावं हा प्रश्न आला की करार पवित्र. ज्याला दुसरीकडे जायला वर्ष लागतं त्याच्याशी पगाराची घासाघीस कोण करणार?

आजारपणाचं तर बोलायलाच नको, आणि पायलटही बोलत नाहीत. मेडिकलमध्ये ‘अनफिट’ शेरा आला की तासांचे पैसे त्या दिवसापासून बंद. शरीराचं दुखणं निदान दिसतं, मनाचं लपवता येतं, म्हणून लपवलं जातं. मार्च 2015 मध्ये जर्मनविंग्जच्या को-पायलटने विमान आल्प्सच्या डोंगरावर घालून स्वतःसह 150 जणांचा जीव घेतला. त्या कृत्याला कर्ज हे कारण नव्हतं, तसं म्हणणं गेलेल्यांचा अपमान ठरेल. पण फ्रेंच तपास अहवालात हेही नोंदलंय की त्याच्यावर शिक्षणाचं सुमारे 41 हजार युरोंचं कर्ज होतं, लायसन्स गेल्यास बुडणाऱ्या कमाईसाठी वेगळा विमा त्याच्याकडे नव्हता, आणि पैशांची ही भीती आजार लपवण्यामागच्या कारणांपैकी एक असावी. अहमदाबादच्या अपघातानंतर, 16 जून 2025 या एका दिवशी एअर इंडियाच्या 112 पायलटांनी आजारी असल्याचं कळवलं, असं सरकारने संसदेत सांगितलं. 51 कॅप्टन, 61 को-पायलट. मला ती बातमी वाईट वाटली नाही. एवढ्या लोकांना त्या दिवशी तरी ‘नाही’ म्हणता आलं.

करायचं काय, याबद्दल माझ्या अपेक्षा फार मोठ्या नाहीत. विश्रांतीच्या नियमाच्या शेजारीच हमखास पगाराच्या तासांची किमान मर्यादा लिहावी, आणि ती 70 च्या आसपास असावी. आजारपणात आणि थकवा कळवल्यावर तेवढे पैसे कापता येऊ नयेत. टाइप रेटिंग ज्या कंपनीला हवंय तिने ते द्यावं. त्या बदल्यात बॉण्ड, म्हणजे ठरावीक वर्षं नोकरी न सोडण्याची हमी, घ्यायला माझी हरकत नाही, पण पैसे पायलटचे आणि बॉण्डही पायलटवर, हे दोन्ही एकदम चालू नये. नोटीस वर्षाची ठेवायची असेल तर कंपनीनेही काढताना वर्षाचा पगार द्यावा. लायसन्स गेल्याचा विमा कर्जाच्या रकमेएवढा तरी असावा.

तिकीट महागेल, ही भीती लगेच पुढे येते, तर तेवढाही हिशेब करून टाकू. को-पायलटला तासाला 2000 रुपये जास्त दिले आणि त्याने महिन्याला 70 तास उडवले, तर 1 लाख 40 हजार होतात. वर सांगितलेला हप्ता त्यात फिटतो. विमानात दीडशे प्रवासी धरले तर एकामागे तासाला 13-14 रुपये. मुंबईहून नागपूरला वीस रुपये. विमानतळावर तेवढ्यात पाण्याची बाटलीसुद्धा येत नाही.

सोसायटीतल्या त्या मुलाला आता नोकरी लागलीय. खांद्यावर तीन पट्ट्या आहेत. परवा पहाटे साडेतीनला मी गावाहून परतत होतो तेव्हा तो चाकाची बॅग घेऊन खाली उभा होता, गाडीची वाट बघत. सर्दीने आवाज बसलेला. सलग तिसरी पहाट, म्हणाला. मी सहज विचारलं, थकवा आला तर कळवायची सोय असते ना तुमच्यात? कधी कळवलंस?

“काका, बॉण्डची अजून तीन वर्षं आहेत,” तो म्हणाला. तेवढ्यात गाडी आली.